तीन दिवस उरलेत

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात पिवळी चौकट उगवते:
तुमचं संरक्षण संपायला तीन दिवस उरलेत.
एकोणसाठ लारी. वर्षाचे.
तेवढ्यात मी चार जोड बुटांना नवे तळ बसवतो,
खिळे माझेच.

मल्खाझ म्हणतो, काका, फुकटातलं घ्या,
कुताइसीत निम्म्या घरांत तेच आहे.
बायकोचा भाचा. कॉम्प्युटरच्या दुकानात बसतो,
विकायला मांडलेल्या खोक्यांकडे पाठ करून
हळू आवाजात म्हणतो.

त्यानेच ते बसवून दिलं, आधीच्याच्या शेजारी.
दोन पहारेकरी एका दारात,
मशीन कण्हायला लागलं.
फुकटातलं रोज संध्याकाळी हाक मारतं:
काहीतरी दिसलंय,
काय ते कळायला हवं असेल तर पैसे भरा.
शेजारच्या वालिकोचा कुत्रा असाच होता.
खायला त्याच्याकडे, भुंकायला माझ्या फाटकाशी,
आणि चोर आला त्या रात्री
दोघांच्याही अंगणात नव्हता.

मग पैशाचं घ्यावं?
हात पाकिटापर्यंत जातो आणि थांबतो.

त्र्याण्णवचा हिवाळा. वीज नाही.
दुकानात रॉकेलचा दिवा, मी एक टाच चिकटवतोय.
कातडी जाकिटं घातलेली तीन पोरं आत आली.
एकाच्या बुटाला मीच टाके घातले होते.
म्हणाला, दिवस वाईट आहेत, उस्ताद,
दुकानाला संरक्षण हवं.
कुणापासून, मी विचारलं.
तो हसला. बुटाकडे बघून हसला.
पुढे दर महिन्याला येत राहिले, अगदी सभ्यपणे,
थंडी फार आहे म्हणायचे.

कुंपणच शेत खातं, हे मी पाहिलंय.
बिनकुंपणाचं शेत कुणी राखलेलं
तेही नाही पाहिलं.

आणि या मशीनमध्ये आहे तरी काय?
त्सिउरीचे फोटो. बारीतलं एक स्वयंपाकघर,
दुसऱ्या कुणाच्या आईला
चमच्याने भरवणारा तिचा हात.
रविवारी रात्री नऊला तिचा चेहरा इथे उजळतो,
मध्येच अडकतो,
तोंड उघडं, शब्द अर्ध्यावर.
हे चोरून कोण काय करणार?
पण गेलंच, तर कुणाकडे मागू?

काल रात्री दोघांनाही तपासायला लावलं.
तीन तास घर धुंडाळल्यासारखं धुंडाळलं त्यांनी
आणि आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं:
फाईलचं नाव देदा.
निर्माता अज्ञात. वर्तन संशयास्पद.
विलगीकरणात टाकली आहे.

देदा म्हणजे आमच्याकडे आई.
निर्माता उचा, तेव्हा वय बारा,
ती इटलीच्या बसमध्ये बसली त्याच महिन्यात
शाळेतून शिकून आला होता.
दाबलं की पडदा काळा होतो
आणि पांढऱ्या आकड्यांत सांगतो
तिला जाऊन किती दिवस झाले.
बंद करायचं बटण त्याला जमलं नव्हतं.
तेच ते संशयास्पद वर्तन.

चोर सोडून संन्याशाला फाशी!
मी चष्मा पुसला, बारीक अक्षरं शोधली,
'विश्वास ठेवा' वर टिचकी मारली.
खात्री आहे? एकाने विचारलं.
खात्री आहे? दुसऱ्याने.
मग पडदा काळा झाला. चार हजार एकशे सहा.
बराच वेळ तसाच राहू दिला.
बारा वाजले, सहाचे सात झाले,
आणि त्यावर पिवळी चौकट चढून बसली:
दोन दिवस उरलेत.

सकाळी मल्खाझला सांगितलं,
फुकटातलं राहू दे, भुंकू दे त्याला.
त्या एकोणसाठ लारींत मला एक बाहेरची डबी दे,
छोटी, तळहातात मावेल अशी,
आणि सगळं तिच्यात उतरव.
देदा आधी.

म्हणाला, काका, ती ठेवणार कुठे?
दुकानात,
बारीक खिळ्यांच्या डब्यात.
तिथे माझ्याशिवाय
कुणी हात घालत नाही, टोचतं.