क्वांतो

या गावची भाषा मी बाजारात शिकले.
पहिला शब्द हाती लागला तो क्वांतो. किती.
किती ही कांद्याची पात, किती हे फोनचं कार्ड,
कुताइसीला खोकं पाठवायचं तर किलोला किती.
बोट दाखवायचं, क्वांतो म्हणायचं.
निम्मा संसार तेवढ्यावर भागतो.

बाकीचा निम्मा सिन्योरा अद्दोलोराताचा :
वय ब्याण्णव, तिच्या गोळ्या, तिचं अंथरूण, तिचा राग.
गुरुवारी तीन ते आठ मी माझी.

त्या गुरुवारी हातात कडू पाल्याची जुडी होती,
सिन्योराला ती उकडून, लसूण घालून लागते.
राखाडी गाडी कडेला आली,
माझ्याच चालीने चालायला लागली.
काच खाली. आत माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस,
सदऱ्याला इस्त्री, आरशाला जपमाळ.
"क्वांतो?"

मी जुडी वर केली.
म्हटलं, दीड युरो.
वर आणखी सांगितलं, त्या कोपऱ्यावर मिळते,
लवकर जा, संपत आलीय.

तो हसला. ठसका लागेपर्यंत हसला.
"दीड!" म्हणाला,
मित्रांना सांगायला काहीतरी मिळाल्यासारखा,
आणि गेला.
मीही हसले होते. हे सांगायला हवं.
परक्या गावात कुणी हसलं की आपण हसतो,
दार लोटलं जाऊ नये म्हणून.

स्टेशनसमोरच्या बागेत आमच्या बायका जमतात,
मझिया, नाझिब्रोला, आणि थोरली एतेरी,
जी तिकडे मुलांना भौतिकशास्त्र शिकवायची.
तीन आठवड्यांनी मी गंमत म्हणून सांगितलं.
कुणी हसलं नाही.
एतेरीचा सूर्यफुलाची बी फोडणारा दात थांबला.
मझियाने विचारलं, राखाडी?
नाझिब्रोला म्हणाली, माझी पांढरी होती.
मग त्या बाकावर गाड्यांचे रंग गोळा झाले,
रस्ते, वेळा, एकीला तर नंबरही पाठ.
"मला छप्पन्नाव्या वर्षी विचारलं," एतेरी म्हणाली,
"म्हटलं, आधी डोळे तपासून घे रे बाबा."
सगळ्या हसल्या तेव्हा.
ती टरफलं मोजत राहिली.

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या.
दीड युरो.
मी किंमत सांगितली होती.
घासाघीस करायलासुद्धा जागा ठेवली नव्हती.

रात्री सिन्योराचे पाय चोळताना सांगून टाकलं.
दुसरं कोण होतं?
मोडक्या भाषेत सांगितलं, क्रियापदं सगळी चुकली,
तरी तिला बरोबर कळलं.
बराच वेळ गप्प होती. वाटलं, डोळा लागला.
मग म्हणाली, "कुठल्या रस्त्यावर?"
मी रस्ता सांगितला.
"सतराव्या वर्षी मी तंबाखूच्या कारखान्यात जायची,
त्याच रस्त्याने," ती म्हणाली.
"तेव्हा सायकली होत्या."
आणि पाय ओढून घेतला,
म्हणाली, तुझे हात गार आहेत.

आता मी वळसा घालून जाते. अकरा मिनिटं जास्त.
गुरुवारातून अकरा जायची, अकरा यायची,
हा हिशेब कुणाकडे मागायचा ते ठाऊक नाही.
बाजारात नुसतं बोट दाखवते.
भाजीवाल्याला वाटतं, मी मुकी आहे.
भला माणूस. कागदी पिशवीवर पेन्सिलीने आकडा लिहितो,
दोन टोमॅटो वरून टाकतो,
आणि मोठमोठ्याने, हातवारे करून बोलतो.

काल तेओनाचा फोन. पुढच्या वर्षी येईन म्हणते,
वही घेऊन बसली होती. आई, शब्द सांग.
मी मीठ सांगितलं, खिडकी सांगितलं, किल्ली सांगितलं.
किल्ली दोनदा म्हणून घेतलं तिच्याकडून.
"आणि 'किती'ला काय म्हणतात?"

आवाज येत नाहीये गं, म्हटलं.
तुझा आवाजच येत नाहीये.