कुसळं

चार दिवस एक ओळ अडून बसलेली.
वही टेबलावरच ठेवून
वेताळ टेकडीवर गेलो.

खाणीतल्या पाण्यावर टिटवी
कुणाला तरी रागावत होती.
शेजवलकर उलटे चालत होते, गुडघ्यांसाठी;
ओलांडून गेल्यावर मग त्यांचा नमस्कार.

मी खडकावर बसलो.
काही सुचलं नाही.
सुचायला हवं, हेही
थोड्या वेळानं विसरलो.
खाली कोथरूड
हॉर्नसकट बारीक होत गेलं.
गवत आडवं झालं, उठलं,
पुन्हा आडवं.

घरी येऊन पायरीवर
मोज्यांतली कुसळं उपटत बसलो,
एकेक, नखानं,
तिरकी शिरलेली, चिवट.
सतरावं की अठरावं निघालं
तेव्हा त्याच्यामागून ओळ आली,
अर्धीच.

उरलेली अजून मोज्यात असेल.
आज धुवायला टाकलेले नाहीत.