मुदतवाढ

मिस डॉर्कस पेली गेल्या
त्या दिवशी धक्क्यावरचं दुकान तासभर उशिरा उघडलं.
न्यूफाउंडलंडच्या या टोकाला
याहून मोठा मान कुणाला मिळत नाही.

शाळेचं ग्रंथालय म्हणजे खरं तर
बॉयलरशेजारची एक लांबट खोली.
धुकं आत यायचं, न विचारता,
आणि बाई त्याच्याशी भांडायच्या.
प्रत्येक फडताळात मिठाची वाटी, ओल शोषायला.
दर शुक्रवारी मीठ बदलायच्या.
"मासा टिकतो मिठानं, कागद का नाही टिकणार?"

हसल्या तर डाव्या गालानं, तेवढंच.
कौतुक त्यांना जमत नसे;
फार तर चष्म्यावरून बघायच्या
आणि दुसरं पुस्तक पुढे सरकवायच्या.

उशिराचा दंड ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांना नव्हता,
ज्यांच्याकडे होते त्यांनाही नव्हता.
फक्त रजिस्टर उघडून त्या वाट बघत बसायच्या.
दंड परवडला असता.

मला तिसरीत वाचता येत नव्हतं
हे आईच्या आधी त्यांना कळलं.
कुणाला बोलल्या नाहीत.
त्या हिवाळ्यात मधल्या सुट्टीत
मला शिक्के मारायला बसवलं.
तारीख, महिना, साल.
आकड्यांवरून मी महिन्यांवर आले,
महिन्यांवरून नावांवर,
आणि एका फेब्रुवारीत,
खिडकी अर्धी बर्फात बुजलेली असताना,
सीलच्या पिल्लाच्या गोष्टीचं अख्खं पान
एकटीनं पार केलं.
त्या म्हणाल्या, "कालचे शिक्के वाकडे मारलेस."

मग कॉड संपला.
होड्या पालथ्या पडल्या, घरं पश्चिमेला गेली,
तेलाच्या गावांकडे.
मुलं शहात्तर होती, एकेचाळीस झाली, नऊ.
पुस्तकं ट्रकात चढली तेव्हा
बाई दारात उभ्या राहून मोजत होत्या.
एक कमी भरलं.
ड्रायव्हरला म्हणाल्या, ते बाहेर गेलंय.

त्यानंतरची वर्षं पिवळ्या घरात.
आंधळ्या थिओफिलस स्टकलेसला
रोज हवामानाचा अंदाज वाचून दाखवायच्या,
आवाज बदलून, वारा एक माणूस, लाट दुसरं.
तो म्हणायचा, आज वाऱ्याची चूक आहे.

एफी आणि मी घर आवरायला गेलो.
वाटलं होतं, भिंतीभर पुस्तकं असतील.
निघाली एकोणीस.
आणि पलंगाखाली बिस्किटांचा डबा,
आत कार्डं, एकाला एक
मासेमारीच्या दोऱ्यानं शिवलेली.
सगळ्यांत वरती नाव, पेन्सिलीनं:
लिअँडर. माझा भाऊ.
पुस्तक, दोरांच्या गाठींचं.

ऑक्टोबरात बापाच्या होडीवर जाताना
त्यानं ते रेनकोटच्या खिशात कोंबलेलं
मी पाहिलं होतं.
होडी आली नाही.

आमच्या घरी कधी चिठ्ठी आली नाही,
पुस्तक परत करा म्हणून.
"हरवले"च्या रकान्यात त्याचं नाव कधी चढलं नाही.
दर पंधरा दिवसांनी मुदतवाढ.
शाळेत असताना, शाळा गेल्यावर,
शिक्क्यातली सालाची पट्टी संपली तेव्हा
साल हातानं लिहून,
हात थरथरायला लागल्यावर दोनदा गिरवून.

पहिल्या कार्डावरचे शिक्के
सगळे वाकडे आहेत.

कितीतरी वेळ मी ते बघत राहिले.
एफीनं विचारलं, काय आहे गं?
मी म्हटलं, हिशेब.

शेवटची तारीख होती मंगळवारची.
मंगळवारी शिक्का शोधला.
शाई वाळून गेली होती,
जरा थुंकी लावली.
सरळ मारायचा होता.