इथले दिवस

फाहाहीलहून निघालो तेव्हा वाळू उठली होती,
भर दुपारी रस्त्यावरचे दिवे लागलेले.
फाटकावर पट्टा काढला, घड्याळ, किल्ल्या,
खिशातले दोन खजूरसुद्धा
मिशालने ट्रेमध्ये ठेवायला लावले.
माझं नाव त्याला येत नाही.
बारा वर्षं तो मला मंगळवार म्हणतो.

काचेपलीकडे इसाक परकार, दाभोळचा, वेल्डर.
बादलीत खमीर, साखर, संत्र्यांच्या साली,
वर बनियन बांधून आठ दिवस खाटेखाली:
त्या बादलीने त्याला इथे आणलं.
घरी माहीत आहे एवढंच, की
कंपनीने वाळवंटात धाडलाय, रेंज नाही.

फोनची वायर बोटाला गुंडाळत म्हणाला,
"दोनशे चौदा झाले. पण दादा,
इथले दिवस धरायचे काय?
मिळत नाही म्हणून जो पीत नाही
तो कसला सुटलेला?"

याचं उत्तर माझ्याकडे कायम असतं,
इस्त्री केलेलं, घडी न मोडलेलं.
आज ते तोंडाशी येईना.

"तसं मिळतंही," तोच पुढे म्हणाला,
"पावाच्या तुकड्यांवर कुणी ना कुणी काहीतरी लावतंच.
रात्री वास येतो.
मग मी भिंतीकडे तोंड करतो
आणि धोपाव्याच्या फेरीबोटीच्या खेपा मोजतो.
गेली. आली. गेली.
कधी कधी ती पलीकडेच राहते."

"मग धर," मी म्हणालो.
"भिंतीकडे तोंड केलंस ना? तो दिवस तुझा."

"तुमचे किती?"

दर मंगळवारी विचारतो.
दर मंगळवारी मी तो मोठा आकडा सांगतो
आणि तो शीळ घालतो.
रिसीव्हरला दुसऱ्याच कुणाच्या श्वासाचा वास होता.

"सहा."

"सहा हजार?"

"सहा. मागच्या बुधवारी."
कारण नव्हतं. कारण असतं
तर त्याच्या गळ्यात बांधून मोकळा झालो असतो.
शेजारच्या खोलीत कुणाचं तरी लग्न ठरलं होतं,
ग्लास फिरत फिरत माझ्यापुढे आला,
हात माझाच होता.
एकोणीस वर्षं, आणि वर बर्फाचे दोन खडे.

वाटलं, आता हा फोन ठेवील.
इसाकने काचेवर एक पंजा टेकवला
आणि शेजारी दुसऱ्या हाताचं एक बोट.
त्याची नखं वेल्डिंगने जळलेली, अजून काळी.
"सहा," म्हणाला, "आणि तेही बाहेर.
तिथे तर तोंड करायला भिंतसुद्धा नाही.
धरा, दादा."

मग हिशेबनीसासारखा, जरा दरडावून:
"पुढल्या मंगळवारी तेरा घेऊन या.
मी दोनशे एकवीस काढून ठेवतो."

फोन आपोआप बंद पडला, पडतोच.
त्याचे ओठ आणखी काही म्हणत होते,
बहुतेक बोटीचं.

मिशालने ट्रे सरकवला.
पट्टा, घड्याळ, किल्ल्या.
खजूर नव्हते.
त्याने मिशी पुसली, दोन बिया डस्टबिनमध्ये टाकल्या
आणि रजिस्टरमधून मान वर न करता विचारलं,
"मंगळवार?"

म्हटलं, "मंगळवार."