शेरा

महिन्याची यादी मी शेवटच्या सोमवारी रात्री करते,
भांडी घासून झाल्यावर,
दोनशे पानी वहीत, पट्टीनं रेघा ओढून:
घर. कोण जाणार. तारीख. शेरा.

स्तोत्रं माझी इतकी पाठ नाहीत
जितके नळाचे वार पाठ आहेत.
जुन्या जालन्यात आठव्या दिवशी, नदीपलीकडं दहाव्या,
आणि त्या दिवशी प्रभू स्वतः दारात उभा राहिला
तरी बाया त्याला म्हणतील, बस जरा.

लेविनाबाईंचे गुडघे जिना चढत नाहीत,
त्यांना तळमजले.
रिबका आणि तिची जाऊ एका रिक्षात बसत नाहीत.
शलोमी बँकेत आहे, शनिवारीच मोकळी,
पण गळा गोड, म्हणून आजाऱ्यांकडं ती.
उघडे आजींना ऐकू येत नाही;
त्यांच्याकडं प्रार्थना ओरडून करावी लागते,
शेजारची पोरं खिडकीत जमतात
आणि आमेन तीच म्हणतात.
ज्यांचा नवरा रोलिंग मिलमध्ये रात्रपाळीला
तिथं चारच्या आधी कडी वाजवायची नाही.
चहा एकाच घरी घ्यायचा, असा मंडळाचा ठराव आहे.
तो अजून कुणी पाळलेला नाही.

अकराव्या ओळीला सुशांता मगरे.
जानेवारीत तिच्यापुढं रिबकाचं नाव लिहिलं.
शेरा: कुलूप होतं.
फेब्रुवारीत पाळकबाईंचं.
शेरा: भेट झाली. बसा म्हणाली नाही.
मार्चला मी रकाना कोरा ठेवला
आणि वही लवकर मिटली.

हंगामाच्या सणाला लिलाव झाला होता.
भोपळा, दोन कोंबड्या, मोसंब्यांची पाटी,
उघडे आजींनी विणलेला रुमाल,
जो दरवर्षी पाळकसाहेबच घेतात.
पैसे सुशांताकडं, हिशेब माझ्याकडं.
साडेतीनशे कमी भरले.
मी तिला काहीच बोलले नाही.
मी फक्त तिच्यासमोर तीनदा मोजले.
सगळ्या बघत होत्या.
तिनं पदराला हात पुसले,
स्वतःच्या पिशवीतून साडेतीनशे काढले,
टेबलावर ठेवले
आणि चपला हातात घेऊनच बाहेर गेली.

नोटा मला उपवासकाळात सापडल्या.
पावतीपुस्तकात, कार्बनच्या मागं,
एका बाजूनं निळ्या पडलेल्या.

एप्रिलच्या यादीत अकराव्या ओळीला
माझं नाव लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.
भेटीला दोघींनी जायचं, हा नियम मीच केलेला.
एकटी गेले.

"कामून आलीस?"
"भेटीला."
पुढचं वाक्य आठवडाभर घोळवलेलं होतं,
त्यात क्षमा हा शब्द तिसरा यायचा होता.
पहिला तोंडात होता तोवर ती म्हणाली,
"नळ आलाय. पाइप धर. निसटू देऊ नको."

टाकी, दोन ड्रम, रांजण,
बादल्या, पातेली, शेवटी कुकरसुद्धा.
पाऊण तास दोघींच्या मध्ये फक्त तो पाइप,
साप पकडावा तसा मी धरलेला,
साडी गुडघ्यापर्यंत ओली.
"झालं," "सर," "इकडं घे,"
एवढंच बोलणं.

धार बारीक झाली तेव्हा
मी नोटा ओट्यावर ठेवल्या.
तिनं त्या मोजल्या नाहीत.
निळ्या बाजूकडं बघत राहिली थोडा वेळ,
मग मिठाच्या बरणीखाली सारल्या.

चहा विचारला नाही.
मी पायरी उतरले तेव्हा मागून आवाज आला,
"लेविनाबाईंचे गुडघे कसेत?"

रात्री वही उघडली.
वचन वाचलं नव्हतं. प्रार्थना झाली नव्हती.
शेऱ्याच्या रकान्यात पेन टेकवून बसले,
शाईचा ठिपका पडला एक.
मग लिहिलं: पाणी भरलं.

आणि मे महिन्यात, तळमजल्यांच्या ओळीत,
लेविनाबाईंच्या जोडीला कोण,
तिथं पेन्सिलीनं, बारीक,
नुसता 'सु' लिहून ठेवलाय.