डावा हात

पप्पांनी रिक्षा मीटरनं केली, आयुष्यात पहिल्यांदा.
बोपोडीच्या चौकातून खडकीपर्यंत
एकेचाळीस रुपये झाले.
रिक्षावाल्यानं पत्र्याची काळी पेटी पाहिली,
तिच्यावर पांढऱ्या रंगात अजून ओलसर
सुगत भीमराव ओव्हाळ,
आणि म्हणाला, राहू द्या वरचा रुपया.
त्या एका रुपयावर
माझा भाऊ फौजी झाला.

मम्मीनं वर्षभर धास्ती घेतलेली
बर्फाची, टीव्हीवरच्या लाल रेघांच्या नकाशांची.
निघालं काय, तर खडकी!
भिंतीपलीकडे. आपण दळण टाकतो त्याच्या जरा पुढं.
शेजारच्या फिलोमिना आंटी म्हणाल्या,
अगं, हाक मारली तर ओ देईल.
आम्ही सगळे हसलो.
दुसऱ्या दिवशी पहाटे नळाला पाणी आलं,
ड्रम भरायला कोणी उठलं नाही,
पाणी उंबऱ्यापर्यंत आलं
आणि मम्मी त्यात चपला धरून नुसतीच उभी.

साडेसतरा वय.
अठराच्या आत म्हणून पप्पांची संमती लागली.
पप्पांनी सही केली ती बिल भरल्यासारखी,
भराभर, दुसरीकडे बघत.
मग तोच कागद दोन्ही हातांनी धरून
झेरॉक्सवाल्याकडे स्वतः गेले.

दीड वर्ष मी त्याचं घड्याळ होते.
लॅबमध्ये सातला हजर व्हायचं,
त्याआधी मैदान.
सोळाशे मीटर, चार फेऱ्या,
मी मोबाईल घेऊन कडेला, खांद्यावर डब्याची पिशवी.
पाच एकावन्न. पाच चव्वेचाळीस.
एकदा पाच एकोणचाळीसला ओकला,
आणि तोंड पुसत विचारलं, किती?
फॉर्म मीही आणला होता एकदा.
उंची एकशे साठ. दोन सेंटीमीटर कमी.
विषय तिथंच मिटला, आणि मी कडेला उभी राहिले
ती अशी.

पळताना डावा हात बाहेर टाकायचा,
जणू वाटेतल्या कोणाला तरी
बाजूला सारतोय.
लहानपणी पत्र्याच्या शाळेपासून तसाच.
हात आवर, सुगत!
हात आवर!
घसा बसायचा माझा.
मग दिवसभर लोकांना म्हणायची
मूठ वळा, घोगऱ्या आवाजात,
आणि लोक विचारायचे, मॅडम, सर्दी का?

पहिले काही आठवडे फोन नाही.
वाऱ्याची दिशा बरोबर असली
तर पहाटे बिगुल ऐकू येतो.
पप्पा म्हणतात, हा उठवायचा.
मम्मी म्हणते, त्याला तीन हाकांशिवाय
कधी जाग आली नाही.
मग दोघं गप्प बसून
बिगुल संपेपर्यंत चहा पीत नाहीत.

काल होळकर पुलाच्या अलीकडे
बसची वाट बघत होते. अंधार होता.
आधी आवाज आला, बुटांचा, एकच,
मग चाळीस-पन्नास पोरं,
पांढरे बनियन, भादरलेली डोकी,
श्वासाची वाफ सगळ्यांची एकाच उंचीवर.
मी चेहरे नाही बघितले.
मी हात बघितले.
पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत
एक हात बाहेर जाणारा सापडेना.
सगळे कोपर कमरेशी,
सगळे पुढं, सगळे मागं,
हार्मोनियमच्या पट्ट्यांसारखे.
ओरडावंसं वाटलं. काय ओरडणार?
बस आली. कंडक्टरनं विचारलं, कुठं?
मला पटकन सांगता येईना.

रात्री मम्मीनं मेथी निवडता निवडता
वर न बघता विचारलं,
त्या बाजूनं जातेस रोज, दिसतो का गं?
हो, म्हटलं. आजच दिसला.
काडी हातातच राहिली तिच्या.
कसा आहे?
बारीक झालाय थोडा, म्हटलं.
हात सरळ ठेवतो आता.