आधी खिडकी, मग भिंत

सांगाडा जुलैपासून उभा होता.
बोट ओढायच्या गाडीची चाकं, त्यावर प्लायवूडचा खोका.
शेजारचा लॉकी म्हणायचा, कुत्र्याचं घर निघालं फिरायला.
खिडक्या तेवढ्या नव्हत्या.
नव्या घ्यायच्या तर एकीच्या पैशात
माझं हिवाळ्याचं सरपण येतं.

मग हिंडले.
कचराडेपोशेजारच्या दुकानात,
जिथे शनिवारी सगळं ह्यूऑन खोरं
एकमेकांची अडगळ विकत घेतं,
तिथे एक मिळाली, घोडे न्यायच्या गाडीची,
काच कोऱ्या चहाच्या रंगाची. चार डॉलर.

मोठी मिळाली जीव्हस्टनच्या पुढे,
क्लॅरी डेनहोमच्या कुरणात.
त्याचा जुना कॅरव्हॅन, चाकं अर्धी मातीत,
ब्लॅकबेरीच्या काट्यांनी गळ्यापर्यंत वेढलेला,
आत कोंबड्या.
'घे की,' म्हणाला, 'पण खिडकीखाली
एक अंड्यांवर बसलीय. ती उठू दे.'
तीन आठवडे थांबले.
बँकेसाठीसुद्धा मी इतकी थांबले नव्हते.

बावन्न स्क्रू.
अकरा सुतासारखे निघाले.
बाकीच्यांच्या खाचा झिजून गुळगुळीत:
तेल, हातोडीची टिचकी, एक शिवी, पुन्हा तेल.
सील वाळून गुळाच्या खडीसारखं,
पटाशी लावली की कडकन तुटायचं
आणि थेट बाहीत शिरायचं.
पाणी जायच्या भोकांत कुंभारणीनं घर केलेलं.
दाभणानं पोखरलं एकेक,
आत वाळलेला कोळी, पाय दुमडून,
कुणाच्या तरी पिल्लाची शिदोरी.
चहाच्या काचेवर टूथपेस्ट चोळली, गोल गोल,
दोन रात्री, रेडिओ ऐकत.
चहा थोडा पातळ झाला, इतकंच.

लोक भिंत बांधतात आणि मग खिडकी शोधतात.
मी दोघींना शेडच्या जमिनीवर आडवं ठेवलं,
मध्ये स्वतः झोपून पाहिलं,
उशाशी कुठली, पायांशी कुठली,
कूस बदलली तर काय दिसेल.
मग पेन्सिल घेतली.
माप त्यांचं, लाकूड माझं.

क्लॅरीची बसवली रविवारी.
कोपरे गोल, वरखाली सारखेच.
चिकट पट्टी चारी बाजूंनी,
स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे कसत.
लॉकीनं बाहेरून बागेचा पाइप धरला,
मी आत, टॉर्च घेऊन.
आधी काहीच नाही.
मग खालच्या पन्हाळीत पाणी साचलं,
ताटात आमटी पसरावी तसं,
काठाला टेकलं, क्षणभर फुगून थांबलं,
आणि सावकाश नव्या गादीवर उतरलं.

भोकं वरच्या बाजूला होती.
खिडकी उलटी.

'थेंब तरी आला का?' लॉकी ओरडला.
मी म्हटलं, 'चालू ठेव.'
का म्हटलं कोण जाणे.
काचेवरून इतकं पाणी जाताना
मी कधी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं.

पुन्हा काढली. पुन्हा बसवली.
आता पाणी बाहेर जायचं,
पण खिडकी सरकायची नाही.
पंधरा दिवस ढकलून अंगठा सुजला,
कानस हातात घेतली होती, खरं सांगते.

सप्टेंबरात, वॉटलचा पिवळा बहर सरता सरता,
क्लॅरी आला, अंड्यांचा खोका घेऊन.
वाकून आत शिरला, गादीवर बसला,
डोळे दुसरीकडेच, माझ्या शेगडीवर,
आणि हात आपला आपण काचेकडे गेला:
किंचित वर उचलली, मग सरकवली.
लोण्यासारखी गेली.

'उचलायची आधी,' म्हणाला. 'मेरिन, तुला सांगितलं नव्हतं?'
नव्हतं सांगितलं.

मान बाहेर काढून त्यानं पाहिलं.
लॉकीची लाकडं, निळी ताडपत्री, कुंपण.
'हिच्यातून समुद्र दिसायचा.'
'कधी?'
'कोंबड्यांच्या आधी.'

मी चहा ठेवला. तो खिडकी
उघडत होता, लावत होता.
निघताना अंड्यांचा खोका
रिकामा करून मागितला त्यानं.
डझनभर अंडी मी उशीच्या खळग्यात ठेवली.